मणक्यातलं सिमेंट फुप्फुसापर्यंत जातं तेव्हा

"आईच्या मणक्यात सिमेंट भरलं" हे वाक्य नाशिकमध्ये आता नवं राहिलेलं नाही. निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या आजी न्हाणीघरात घसरतात, कधी नुसती बादली उचलताना पाठीत कळ येते, आणि एक्स-रेत डी-१२ किंवा एल-१ (पाठीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला मणका) दबलेला दिसतो. हाडं ठिसूळ झाली की एवढं पुरतं. औषधं, पट्टा आणि आरामाने दुखणं हटलं नाही, तर सुईवाटे सिमेंट भरण्याचा पर्याय पुढे येतो. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो, चालायला कधी लागतील? फुप्फुसाचं कोणी विचारत नाही, आणि पाठीच्या दुखण्यात ते सुचावं तरी कसं?

हे सिमेंट म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, दातांच्या कवळीतल्या अ‍ॅक्रिलिकच्या जातीचं. पावडर आणि द्रव मिसळले की आधी पातळ, मग घट्ट, आणि काही मिनिटांत दगड. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा पक्का बसवायला ते वापरायला घेतलं. सिमेंट दाबून भरताना काही रुग्णांचा रक्तदाब आणि ऑक्सिजन एकदम उतरतो, हे त्या शस्त्रक्रियांतच दिसलं. पण तिथे मुख्यतः मज्जेतली चरबी दाबाने रक्तात ढकलली जाते. मणक्यात सिमेंट स्वतःच प्रवासाला निघतं.

मणक्यात ते पहिल्यांदा गेलं १९८४ मध्ये, फ्रान्समधल्या अमियाँ इथे. गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी मानेचा दुसरा मणका पोखरणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठीत ते सोडलं. अहवाल १९८७ मध्ये आला. नव्वदीत ही पद्धत अमेरिकेत पोहोचली आणि ठिसूळ हाडांच्या रुग्णांसाठी सर्रास होऊ लागली. १९९८ मध्ये आधी फुगा फुगवून मग सिमेंट भरण्याची कायफोप्लास्टी आली.

खरं तर धोक्याचा नकाशा फार आधी तयार होता. शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅट्सन यांनी १९४० मध्येच दाखवलं होतं, की कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात, त्यामुळे रक्त दोन्हीकडे वाहू शकतं. त्यांना उलगडायचं होतं ते प्रोस्टेटचा कर्करोग कण्यात कसा पोहोचतो हे. सिमेंटसाठी तो नकाशा कोणी पुरेसा गांभीर्याने वाचला नाही, असं मला वाटतं. पातळ सिमेंट शिरेत शिरलं की महाशिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून थेट फुप्फुसाच्या धमन्यांत जातं. वाटेत अडवणारं काही नाही.

फुप्फुसात अडकलेल्या सिमेंटचे अहवाल १९९९ पासून छापून येऊ लागले. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी गळतीबद्दल जाहीर इशारा दिला. पुढे अभ्यासांत सिमेंट फुप्फुसात पोहोचण्याचं प्रमाण ३.५ ते २३ टक्के असं निघालं. एवढी तफावत का? कारण बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. सगळ्यांच्या छातीचा सीटी काढला तर आकडा फुगतो, धाप लागलेल्यांचाच काढला तर आटतो. २००९ मध्ये दोन चाचण्यांत खरंच सिमेंट भरणं आणि ते न भरता शस्त्रक्रियेचा नुसता देखावा करणं, या दोन्हींनी दुखणं सारखंच कमी झालं. नंतरच्या चाचण्या दोन्ही बाजूंनी बोलतात. फायदाच वादात असेल तर छोटा धोकाही जड वाटू लागतो, हे मान्य करायला हवं.

तंत्र मात्र सुधारलं. सिमेंट घट्ट होईपर्यंत थांबायचं, थोडंथोडं भरायचं, सी-आर्मच्या (शस्त्रक्रियेदरम्यान एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरून नजर हलवायची नाही, आणि शिरेकडे रेघ सरकताना दिसली की थांबायचं.

निदानात एक गोम आहे. साध्या एक्स-रेत सिमेंट फांद्यांसारख्या पांढऱ्या रेघांत दिसतं, पण रंगद्रव्य सोडून केलेल्या सीटीत रक्तही पांढरंच दिसत असल्याने ते लपू शकतं. म्हणून धाप लागून नव्या डॉक्टरकडे गेल्यावर मणक्याच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत लागतात. लक्षणं नसतील तर सहसा फक्त लक्ष ठेवतात. टोकाच्या धमन्यांत अडकून त्रास होत असेल तर काही महिने रक्त पातळ करणारी औषधं देतात. मोठा तुकडा हृदयात किंवा मुख्य धमनीत असेल, तर तो शस्त्रक्रियेने काढण्याची वेळ येऊ शकते.