धोंडी
धोंडी : पावसाने ओढ दिली असता गावातील मुले व तरुण यांनी घरोघर फिरून पाणी मागण्याचा सामूहिक लोकविधी. महाराष्ट्रात तो अन्यत्रही आढळतो; येथे मुख्यतः ग्रामीण विदर्भाचा विचार केला आहे.

मृग कोरडा गेला, पेरलेली कपाशी व तूर माना टाकू लागली आणि दुबार पेरणीचे भय उभे राहिले, की धोंडी निघते. एका मुलाच्या अंगाभोवती कडुनिंबाचा पाला बांधतात आणि मुसळाला बेडूक टांगून ते मुसळ दोघे जण खांद्यावर घेतात. दारात ‘धोंडी धोंडी पाणी दे’ अशी हाक उठली, की घरातील बाई गुंडातले (पाणी साठविण्याच्या भांड्यातले) पाणी त्या पाल्यावर ओतते व सुपातून धान्य घालते. जमलेल्या धान्याचा स्वयंपाक होऊन सारे एकत्र जेवतात.

विधीच्या उगमाविषयी एकमत नाही. बेडूक व पाऊस यांची सांगड ऋग्वेदातील मंडूकसूक्ताइतकी (७·१०३) जुनी आहे. मात्र संस्कृत पंडित मॅक्स म्यूलर यांनी त्या सूक्तात पुरोहितांचे विडंबन पाहिले, तर वैदिक वाङ्मयाचे अभ्यासक ब्लूमफील्ड यांनी ते पाऊस पाडण्यासाठीचे मंत्रपठण मानले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही सूक्तापासून धोंडीपर्यंत अखंड परंपरा जोडणे धाडसाचे ठरेल. मानवशास्त्रज्ञ फ्रेझर यांनी नोंदविलेल्या अनुकरणात्मक जादूच्या वर्गात, म्हणजे पाणी ओतून पाऊस पाडू पाहणाऱ्या विधींत, धोंडी अधिक सहज बसते.

‘धोंडी धोंडी पाणी दे’ या गाण्याच्या पुढील चरणातील ‘साय माय पिकू दे’ हा पाठ भाषादृष्ट्या लक्षणीय आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो (डोळा-डोया, केळी-केयी); त्यामुळे ‘साय’ म्हणजे साळ, अर्थात भात, असा अर्थ लावणे सयुक्तिक दिसते. ज्वारी-कापसाच्या मुलखात भाताचे नाव गाण्यात टिकावे, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या काही भागांत, भूजल खारे असल्याने गोड्या पाण्याचे मोल फार. तेथे अनोळखी पोराच्या डोक्यावर ओतलेला एक तांब्याही घरच्या साठ्यातून काढून दिलेला वाटा असतो. धोंडीला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते: पाणी मागितले जाते ते साऱ्या शिवारासाठी आणि त्यासाठी प्रत्येक दार आपल्या टंचाईतूनच काही देते.