पुरुषांच्या फिगर स्केटिंगमधील अभिनय उपरा नाही

पुरुषांचे फिगर स्केटिंग हा मुळात उड्यांचा खेळ असून नृत्य आणि पात्राभिनय हा त्यावर नंतर चढवलेला साज आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा आहे. जॅक्सन हेन्स हा अमेरिकी नर्तक १८६० च्या दशकातच व्हिएन्नात संगीताच्या साथीने बर्फावर नृत्य सादर करत होता, तर स्पर्धेतील हवेत चार फेऱ्या घेण्याची पहिली अधिकृत उडी कॅनडाचा स्केटर कर्ट ब्राउनिंगने १९८८ मध्ये घेतली. सादरीकरणाला आजही स्वतंत्र गुण आहेत. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये जपानी स्केटर युझुरू हान्यूने जपानच्या प्राचीन हेइआन काळातील ज्योतिषी आणि मंत्रवेत्ता आबे नो सेइमेई साकारला, तेव्हा चेहऱ्यासमोर उभ्या धरलेल्या दोन बोटांतूनच, एकही उडी घेण्यापूर्वी, त्या मंत्रवेत्त्याची एकाग्रता प्रकट झाली. माझ्या मते ती मुद्रा त्याच्या अवघड उड्यांइतकीच मोलाची होती.