वासाचं भात आडवं का पडतं आणि त्याला उभं कसं केलं

मागच्या ऑक्टोबरात मामाच्या येळ्ळूरच्या शिवारात गेलो तर अर्ध्या शेतात कुणीतरी चटई अंथरल्यागत दिसत होतं. बेळगाव बासमती. लोंब्या भरलेल्या, आठ-दहा दिवसांत कापणीला आल्या असत्या, आणि आदल्या रात्री परतीच्या पावसानं एक झोडप दिली तर सगळं भात पूर्वेकडं मान करून झोपलेलं. खाली चिखल, त्यात लोंब्या, म्हणजे दोन दिवसांत दाण्याला कोंब फुटणार. बांधाच्या पलीकडं इंद्रायणी होती, तीही तोच पाऊस खाऊन, पण उभी. मामा बांधावर बसून तंबाखू मळत म्हणाला, "बासमतीचं असंच असतंय बघ, पोटात दाणा आला की आडवी. म्हणून तर आता कोण लावत नाही."

मी म्हटलं मामा, दिल्लीकडच्या लोकांनी यावर उपाय काढलाय की. तो म्हणाला मग आण जा बी.

बी आणणं सोपं आहे हो, पण तो उपाय काय होता ते कळलं की बी आणून फार उपयोग नाही हेही कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जुन्या बासमती, म्हणजे बासमती ३७०, तरावडी, डेहराडूनची वगैरे, या सगळ्या उंच. माणसाच्या छातीपर्यंत, कधी खांद्यापर्यंत. काड पातळ. एकरी ८-१० क्विंटल भात मिळालं तर शेतकरी खूश. मग कोणी म्हणेल की खत वाढवा. तिथंच तर गंमत आहे, युरिया टाकला की ही अजून उंच होते, अजून मऊ होते आणि अजून लवकर लोळते, वर करपा रोगही येतो. म्हणजे खत घातलं तर तोटा आणि नाही घातलं तर दाणा नाही. शिवाय झाड जे काही बनवतं त्यातला मोठा वाटा काडातच जातो, दाण्यात कमी. गुरांना पिंजर भरपूर, माणसाला तांदूळ थोडा.

ही उंची येते जिबरेलिन नावाच्या हार्मोनमुळं. हा हार्मोन सापडला तोसुद्धा भातातच. भाताच्या रोपाला एक बुरशी लागते, रोप पिवळट पडून बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होतं आणि मग मरतं, जपानी शेतकरी त्याला 'मूर्ख रोप' म्हणायचे. १९२६ मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं की बुरशीनं सोडलेल्या कसल्या तरी द्रव्यामुळंच रोप असं ताणतं. ते द्रव्य म्हणजे जिबरेलिन. बासमतीला हा रोग आजही चांगलाच छळतो, म्हणून तिकडं बियाण्याला प्रक्रिया केल्याशिवाय तरवा (रोपांचा वाफा) टाकू नका असं सांगतात.

आता तैवानमध्ये एक बुटकं भात होतं, डी-जिओ-वू-जेन. त्याच्यात जिबरेलिन बनवणाऱ्या एका एंझाइमचा जीन बिघडलेला. पूर्ण बंद नाही, पण हार्मोन कमी बनतो, त्यामुळं झाड कमरेएवढंच राहतं, काड जाड होतं आणि खत घातलं तर ते दाण्यात जातं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ साली आयआर-८ काढलं ते यालाच क्रॉस करून. म्हणजे हरितक्रांतीतलं भात हे एका अर्थानं बिघडलेल्या जीनचं भात.

आणि बासमतीचा वास? तोसुद्धा बिघाडच! भाताच्या आठव्या गुणसूत्रावर एक जीन आहे, साध्या भातात तो चालू असतो आणि एक कच्चा पदार्थ पुढं ढकलून संपवून टाकतो. बासमतीत त्या जीनमधली ८ अक्षरं गळालेली आहेत, त्यामुळं एंझाइमच तयार होत नाही, कच्चा माल साचतो आणि त्याचं २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन होतं. हेच द्रव्य पॉपकॉर्नमध्ये, ताज्या पावाच्या कडेला, अन्नपूर्णेच्या (पंदन) पानात, अगदी मोहाच्या फुलातही असतं. आपलं नाक याला इतकं तिखट की पाण्यात हजार कोटी भागांत एक भाग असला तरी कळतं. म्हणून तर घरात बासमती शिजली की शेजारीण विचारते आज कोण पाहुणे.

तर काम काय, उंचीचा जीन बिघडवायचा आणि वासाचा बिघाड तसाच ठेवायचा. ऐकायला सोपं. पण वासाचा जीन दबका आहे, म्हणजे आई आणि बाप दोन्हीकडनं बिघडलेला आला तरच वास. वासाचं आणि बिनवासाचं भात क्रॉस केलं तर नातवंडांत चारात एकालाच वास मिळतो. बुटकेपणाचं गणितही तसंच, चारात एक. दोन्ही एकत्र हवं तर सोळांत एक. त्यावर लांब दाणा पाहिजे, शिजल्यावर दुप्पट लांबला पाहिजे, चिकटायला नको, पोटात पांढरा डाग नको, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीला एक नाही तर कितीतरी जीन. भरीला बासमतीचं घराणंच वेगळं, इंडिका गटातल्या बुटक्या भातांशी लावली की बऱ्याच वेळा लोंबीत दाणेच पोचट निघतात. म्हणून आयआर-८ नंतर बुटकी बासमती यायला वीसेक वर्षं लागली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं, तिलाच लोक पुसा म्हणतात, पुसा १५० आणि करनाल लोकल यांच्यापासून पुसा बासमती-१ काढली आणि १९८९ ला ती बाहेर आली. एकरी १८ क्विंटलच्या आसपास. जुनीच्या जवळपास दुप्पट.

हजारो झाडांत वास असलेलं झाड ओळखायचं कसं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. त्या काळी डीएनए टेस्ट नव्हती. पानाचे तुकडे करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात दहा मिनिटं ठेवायचे आणि बाटली उघडून हुंगायचं. किंवा दाणा चावायचा. तेही एक-दोन नाही, शेकडो. संध्याकाळपर्यंत नाक बधिर होत असणार त्या लोकांचं.

पुढची गोष्ट जरा भराभर सांगतो. २००३ ला पुसा ११२१ आली, कच्चा दाणा ८ मिलिमीटरच्या वर आणि शिजल्यावर २० पर्यंत, लग्नात बिर्याणीत जे लांबच लांब शीत दिसतं त्यातलं बरंचसं हीच. २०१३ ला १५०९ आली, ११२१ ला १४० दिवस लागतात तर ही १२० च्या आत तयार, म्हणजे पाण्याच्या पाळ्या वाचल्या. पण घाई केली की ती फसवते. लवकर लावली तर दाणा भरताना सप्टेंबरची उष्णता लागते आणि गिरणीत तुकडा जास्त पडतो. बासमतीला दाणा भरताना रात्री गारवा लागतो, वासही त्यातच धरतो.

नंतरचं काम रोगावर. युरोपनं २०१८ पासून करप्यावरच्या ट्रायसायक्लाझोल या औषधाचा अंश ०.०१ पीपीएमवर आणला, म्हणजे फवारलं की माल परत. मग झाडातच प्रतिकार घालणं आलं. २०२१ च्या सुमारास आलेल्या १८४७, १८८५ आणि १८८६ या जाती म्हणजे अनुक्रमे १५०९, ११२१ आणि पुसा बासमती-६ याच, फक्त करपा आणि कडा करपा या दोन्ही रोगांना तोंड देणारे जीन आत बसवलेले. हे जीएम, म्हणजे बाहेरचा जीन लॅबमध्ये घुसवलेलं पीक, नाही बरं का, लोक लगेच घाबरतात. भातातलेच जीन, साध्या क्रॉसनं आणलेले, फक्त रोप लहान असतानाच पानाचा तुकडा लॅबमध्ये तपासून कुठलं ठेवायचं ते ठरवलं.

मग मामानं १८४७ का लावू नये? एक तर बासमती हे नाव. २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते पंजाब, हरियाणा, हिमाचल, उत्तराखंड, दिल्ली आणि उत्तर प्रदेश व जम्मूच्या काही भागांना. येळ्ळूरला तेच बी पिकवलं तरी बाहेर बासमती म्हणून विकता येणार नाही. दुसरं, आमच्या वडगाव-शहापूर-येळ्ळूर पट्ट्यात धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत), जुलैत बळ्ळारी नाल्याचं पाणी आठ-आठ दिवस शेतात, त्या जाती यासाठी निवडलेल्याच नाहीत. आणि तिसरं म्हणजे बेळगाव बासमती खाणाऱ्याला ती लांब शिताची बासमती नको असते हो. आमची दाण्यानं आखूड, भात मऊ, आमटीबरोबर कालवून खायची. आज्जीला ११२१ चा भात वाढला होता एकदा, म्हणाली ह्या शेवया कुणी केल्यात.

म्हणजे बी आणायचं नाही, पद्धत आणायची. आणि ती आपल्याकडं झालेलीच आहे, मामाच्या बांधापलीकडं उभी होती ती. इंद्रायणी म्हणजे काय, आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा क्रॉस, मावळातल्या वडगावच्या केंद्रात केलेला, १९८७ चा. आंबेमोहराचा वास आणि तैवानच्या बुटक्याची कंबर. धारवाडजवळ मुगदच्या केंद्रानंही मुगद सुगंधा काढलंय. तसं बेळगाव बासमतीचं व्हायला शास्त्र आडवं येत नाही, आज तर डीएनए टेस्टमुळं नाक बधिर करायचीही गरज नाही. फक्त कुणीतरी दहा वर्षं तेच धरून बसायला पाहिजे आणि त्याला शुद्ध बी पाहिजे. इथं अडतं. भात स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळं घरचं बी वर्षानुवर्षं टिकतं, पण मळणीचं मशीन सगळ्या गावाचं एकच, त्यात आधीच्या शेतकऱ्याचं दोन शेर राहतं आणि ते तुमच्या पोत्यात येतं.

त्या दिवशी झोपलेल्या भातात मधोमध एक चूड ताठ उभी दिसली. मी चिखलात पाय घालत गेलो, लोंब्या भरगच्च, उंची कमरेएवढी. मला वाटलं निसर्गानंच काम केलं बघा, चार लोंब्या काढून पळत बांधावर आलो. मामानं एक दाणा नखानं सोलला, दाढेखाली धरला, बराच वेळ चघळला. मग दुसरा मला दिला. मीही चावला.

कसलाच वास नाही. पिठूळ, दुधाळ, बस.

"जया असंल, ते बुटकं बिनवासाचं भात," मामा म्हणाला. "मशिनीतनं आलंय." आणि लोंब्या कोंबड्यांसाठी खिशात घातल्या.