कंपनीतले मोठे बदल आणि संचालक मंडळ

संचालक मंडळ, म्हणजे बोलताना सगळे ज्याला बोर्ड म्हणतात ते, कंपनीतले बदल स्वतः राबवत नाही. विलीनीकरण, एखादा धंदा विकून टाकणं, नवी सिस्टिम आणणं, माणसं कमी करणं हे सगळं सीईओ, म्हणजे कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि त्याच्या टीमचं काम. बोर्डाकडे असतं ते मंजुरी देणं, पैसा मोकळा करणं, सीईओ नेमणं आणि नाही जमलं तर त्याला घरी पाठवणं. यातही माझ्या मते सीईओची निवड सगळ्यात भारी.

कंप्युटर बनवणाऱ्या आयबीएमला 1992 मध्ये जवळपास 5 अब्ज डॉलरचा तोटा झाला होता आणि कंपनीचे तुकडे करून वेगवेगळ्या छोट्या कंपन्या काढायचं घाटत होतं, अशात बोर्डाने 1993 ला लू गर्स्टनर यांना आणलं, ते आरजेआर नाबिस्को या बिस्किटं-सिगारेटवाल्या कंपनीतून आलेले, म्हणजे कंप्युटर धंद्यातले नव्हतेच, आणि त्यांनी येऊन तुकडे करायचा बेतच गुंडाळला.

उलटं उदाहरण कंप्युटर-प्रिंटर बनवणाऱ्या एचपीचं. ऑगस्ट 2011 मध्ये सीईओ लिओ अपोथेकर यांनी पीसीचा धंदा वेगळा काढायचा विचार चालू असल्याचं जाहीर केलं, शेअर धाडकन पडला, आणि पुढच्याच महिन्यात बोर्डाने त्यांना काढलं. एक वर्षसुद्धा झालं नव्हतं त्यांना. मग बोर्डावरच्याच मेग व्हिटमन सीईओ झाल्या आणि पीसी धंदा ठेवायचं ठरलं. गंमत बघा, 2015 मध्ये कंपनीचे दोन भाग झालेच, पीसी-प्रिंटर एकीकडे आणि सर्व्हर वगैरे दुसरीकडे!

आता बोर्डाची खरी अडचण. बाहेरचे संचालक, म्हणजे कंपनीत नोकरी न करणारे, वर्षातून मोजक्या वेळा भेटतात आणि त्यांना कंपनी दिसते ती मॅनेजमेंटने बनवलेल्या फाइलमधून. मीटिंगच्या दोन-चार दिवस आधी जाडजूड पीडीएफ येते, त्यात बदलाच्या प्रोजेक्टचं एक पान, प्रत्येक कामापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका. खालच्या टीमने पिवळा दिलेला ठिपका वर जाता जाता हिरवा होतो, कारण लाल रंग दाखवायला कुणालाच नको असतं, आणि प्रेझेंटेशन संपेपर्यंत प्रश्नांना दहा मिनिटं उरतात. म्हणून हुशार संचालक ठिपक्यांवर न जाता थेट ऑडिट कमिटीचे, म्हणजे हिशेब तपासणीवर नजर ठेवणाऱ्या बोर्डाच्या समितीचे, रिपोर्ट बघतात, किती लोक नोकरी सोडून गेले ते विचारतात, कधी खालच्या मॅनेजरशी सीईओ समोर नसताना बोलतात. सीईओंना हे फारसं आवडत नाही.

चेअरमन, म्हणजे बोर्डाचा अध्यक्ष, आणि सीईओ एकच माणूस असला तर हे आणखी अवघड, कारण अजेंडा ठरवणार तोच आणि उत्तरं देणारही तोच. कंपन्यांचा कारभार कसा असावा हे ठरवायला बसलेल्या ब्रिटनमधल्या कॅडबरी समितीने 1992 च्या अहवालात या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवायला सांगितल्या होत्या, तरी अमेरिकेत बऱ्याच मोठ्या कंपन्यांत अजूनही दोन्ही खुर्च्या एकाकडेच असतात.