बळीचा डेक बांधताना आधी चारा मोजा

मॅजिक : द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणारे आमचे अनेक ग्राहक, विशेषतः महाविद्यालयातील मुले, स्वतःचा पहिला डेक (खेळायच्या कार्डांचा संच) बांधायला एकच कल्पना घेऊन येतात : आपल्याच लहान क्रीचरांचा (लढणाऱ्या जीवांच्या कार्डांचा) बळी द्यायचा, त्यावर एखादे क्रीचर पोसून मोठे करायचे आणि त्याच्या जोरावर सामना जिंकायचा. ही कल्पना आम्हांला मनापासून आवडते. तिला लागणारी बहुतेक कार्डे कॉमन किंवा अनकॉमन, म्हणजे सहज मिळणारी, असल्यामुळे कमी पैशांत खरोखर चालणारा डेक बांधता येतो. तरीसुद्धा असा डेक नेलेल्यांपैकी बरेच जण पंधरवड्याच्या आत परत येतात आणि डेक चालत नाही, कार्डे बदलून द्या, असे सांगतात. आम्ही डेक टेबलावर मांडून पाहतो, तेव्हा चूक जवळजवळ प्रत्येक वेळी तीच असते. राजापूर-लांज्याहून एस.टी.ने येणाऱ्या ग्राहकाचा त्यात आख्खा दिवस मोडतो. म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

ती चूक म्हणजे खाणारी तोंडे जास्त आणि चारा कमी. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने आणलेल्या साठ कार्डांच्या डेकमध्ये जमिनी (कार्डे खेळण्याची किंमत, म्हणजे माना, देणारी कार्डे) २४ होत्या, बळी घेणारी किंवा बळीवर वाढणारी कार्डे २२ होती, मृत्यूचा मोबदला देणारी ८ होती आणि ज्यांचा बळी द्यायचा ती स्वस्त क्रीचर अवघी ६ होती. आम्ही त्याच्यासमोरच तो डेक पिसून खेळून पाहिला. पहिल्या टर्नला कॅरियन फीडर आला, दुसऱ्याला ब्लड आर्टिस्ट, तिसऱ्याला नॅन्टुको हस्क. तिन्ही कार्डे उत्तम, पण टेबलावर बळी देण्याजोगे काहीच नव्हते. हातात व्हिलेज राइट्स (एका क्रीचरचा बळी देऊन दोन कार्डे उचलू देणारे कार्ड) आणि आणखी एक हस्क अडकून पडले होते. चौथ्या टर्नला त्याने नाइलाजाने ब्लड आर्टिस्टचाच बळी दिला, म्हणजे ज्याच्यासाठी सर्वांत जास्त पैसे मोजले होते तेच कार्ड चाऱ्यात गेले. गोठ्यात जनावर आणण्याआधी पेंढ्याची उडवी रचलेली असावी लागते, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. डेकच्या बाबतीत मात्र नेमके उलटे घडते, कारण दुकानात नजर भरते ती वाढणाऱ्या क्रीचरवर, आणि एक ताकद, एक टफनेस (मार सोसण्याची क्षमता) असलेले कार्ड कोणाला विकत घ्यावेसे वाटत नाही.

म्हणून यादी करताना चाऱ्यापासून सुरुवात करावी. चारा म्हणून असे कार्ड निवडावे जे एका कार्डाच्या किमतीत किमान दोनदा मरते. यंग वुल्फ एका हिरव्या मानाला येतो आणि त्याच्याजवळ अनडाइंग असते. म्हणजे त्याच्यावर +१/+१ काउंटर (ताकद आणि टफनेस एकेकाने वाढवणारी खूण) नसताना तो मेला, तर एक काउंटर घेऊन परत येतो. डेथब्लूम थॅलिड मरताना एक सॅप्रोलिंग टोकन (डेकमध्ये कार्ड नसलेले, दुसऱ्या कार्डाने निर्माण केलेले लहान क्रीचर) ठेवून जातो, याविमाया सॅपहर्ड येतानाच एक टोकन घेऊन येतो आणि सॅप्रोलिंग मायग्रेशन दोन मानांत दोन टोकन देते. पुढे माना वाढल्यावर किकरचे चार माना जादा भरले तर तेच कार्ड चार टोकन देते. या चारही कार्डांच्या चार-चार प्रती घेतल्या तर १६ कार्डांतून किमान ३२ बळी मिळतात. सोबत रीॲसेम्ब्लिंग स्केलेटनच्या दोन प्रती ठेवाव्यात, कारण दोन माना भरून तो ग्रेव्हयार्डमधून (मेलेल्या कार्डांच्या ढिगातून) कितीही वेळा परत येतो, फक्त टॅप होऊन (आडवा, वापरून झाल्यासारखा) येतो.

उरलेला डेक आम्ही असा सुचवतो. बळी घेण्यासाठी कॅरियन फीडर आणि व्हिसेरा सीअर प्रत्येकी चार; दोन्ही एका काळ्या मानाला येतात, बळी घेण्यासाठी वेगळा माना मागत नाहीत आणि त्यासाठी टॅपही व्हावे लागत नाही, त्यामुळे टेबलावर आल्या क्षणापासून वापरता येतात. फीडर प्रत्येक बळीमागे एक +१/+१ काउंटर घेतो, मात्र तो ब्लॉक करू (समोरचा हल्ला अडवू) शकत नाही हे विसरू नये. सीअर वाढत नाही, पण प्रत्येक बळीमागे डेकचे वरचे कार्ड पाहून ते तसेच ठेवायचे की तळाशी घालायचे हे ठरवू देतो, आणि आमच्या मते तोच या डेकचा खरा कारभारी आहे. मोबदल्यासाठी झुलापोर्ट कटथ्रोटच्या चार प्रती : तो स्वतः किंवा तुमचे दुसरे कोणतेही क्रीचर मेले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा एक लाइफ (जीवनाचा गुण) जातो आणि तुमचा एक वाढतो. वाढण्यासाठी लंबरनॉट दोन. कोणतेही क्रीचर, अगदी प्रतिस्पर्ध्याचेसुद्धा, मेले की त्याच्यावर काउंटर चढतो आणि हेक्सप्रूफ असल्यामुळे प्रतिस्पर्धी त्याला थेट लक्ष्य करू शकत नाही. व्हिलेज राइट्स चार, रँकर दोन, आणि २२ जमिनी : जंगल हॉलो चार, स्वॅम्प दहा, फॉरेस्ट आठ. अशी ६० कार्डे भरतात आणि हा संपूर्ण डेक आमच्याकडे १,५०० रुपयांच्या आत बसतो. साध्या जमिनींचे पैसे आम्ही घेत नाही. ही यादी मित्रमंडळींच्या टेबलासाठी आहे, स्टँडर्ड स्पर्धेसाठी (जिथे फक्त अलीकडच्या संचांतील कार्डे चालतात) नाही.

रँकर का, असे पुष्कळ जण विचारतात. ज्यांचे फीडर नऊ-दहा ताकदीपर्यंत वाढूनही सामना हातचा जातो, त्यांना याचे उत्तर अनुभवाने मिळालेले असते : समोरचा प्रत्येक टर्नला एक लहानसे क्रीचर आडवे घालतो आणि सगळी ताकद तिथेच विरते. रँकर ट्रॅम्पल देतो, त्यामुळे उरलेले डॅमेज खेळाडूपर्यंत पोहोचते.

फिरेक्सियन ऑल्टर किंवा ग्रेव्ह पॅक्टसारखी महागडी कार्डे पाहून आलेल्या ग्राहकांना आम्ही ती पहिल्या डेकसाठी सुचवत नाही, जरी त्यांवर आम्हांला जास्त पैसे मिळाले असते. या प्रकारच्या डेकांना ॲरिस्टोक्रॅट्स म्हणतात. हे नाव फाल्कनरॅथ ॲरिस्टोक्रॅट आणि कार्टेल ॲरिस्टोक्रॅट या कार्डांवरून आले, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये माँट्रियलच्या प्रो टूर गेटक्रॅश या व्यावसायिक स्पर्धेत टॉम मार्टेल या खेळाडूने अशाच डेकने विजेतेपद मिळवल्यावर ते सर्वत्र रूढ झाले. त्या विजेत्या डेकमध्येसुद्धा डूम्ड ट्रॅव्हलर हे एका मानाचे कॉमन कार्ड होते, जे मरताना एक उडणारे स्पिरिट टोकन ठेवून जाते. चारा तिथेही होताच.

डेक नीट बांधल्यावर तो कसा चालतो हे एकदा सावकाश पाहावे. टेबलावर फीडर, कटथ्रोट आणि यंग वुल्फ आहेत असे समजा. वुल्फचा बळी दिला : फीडर दोन-दोनचा झाला, समोरच्याचा एक लाइफ गेला, तुमचा एक वाढला आणि वुल्फ काउंटर घेऊन परत आला. पुन्हा त्याचाच बळी दिला : फीडर तीन-तीनचा झाला, आणखी एक लाइफ गेला. आता मात्र वुल्फ परत येत नाही, कारण मरताना त्याच्यावर काउंटर होता. त्यामुळे वुल्फ लवकर मोठा व्हावा म्हणून त्याच्यावर दुसऱ्या कार्डाने +१/+१ काउंटर चढवणे म्हणजे त्याचा दुसरा जन्म आपल्या हातांनी घालवणे होय.

आता खेळण्यातील एक सवय, जी या डेकला फार नडते. आपल्या टर्नला सगळी लहान क्रीचर एकदम फीडरला घालायची, तो सात-आठचा करायचा आणि हल्ला चढवायचा, असे नवे खेळाडू करतात. समोरच्याने एका मारक कार्डाने फीडर उडवला की काउंटर त्याच्याबरोबर जातात आणि टेबल रिकामे होते. बळी शक्य तितका उशिरा द्यावा. सॅप्रोलिंगने समोरच्या मोठ्या क्रीचरला ब्लॉक करावे आणि डॅमेज लागण्याच्या आधी त्या सॅप्रोलिंगचा बळी द्यावा. हल्ला करणाऱ्याला ट्रॅम्पल नसेल तर तो ब्लॉक झालेलाच राहतो आणि तुम्हांला काहीही लागत नाही. समोरच्याने तुमच्या क्रीचरवर सोर्ड्स टू प्लाउशेअर्स हे हद्दपार करणारे (खेळाबाहेर काढणारे) कार्ड टाकले तर ते हद्दपार होण्यापूर्वीच त्याचा बळी द्यावा, कारण हद्दपार झालेले क्रीचर मेले असे धरले जात नाही आणि कटथ्रोटला त्याचा काही उपयोग होत नाही. बळी ही किंमत असल्यामुळे ती भरली जात असताना समोरच्याला मध्ये काही करता येत नाही. व्हिलेज राइट्सच्या बाबतीत हीच गोष्ट उलटीही लागू होते : समोरच्याने ते कार्ड काउंटरस्पेलने अडवले तरी दिलेला बळी परत मिळत नाही. म्हणून जे क्रीचर नाहीतरी मरणारच आहे, त्याच्यावरच ते वापरावे.

टोकन मेल्यावर कटथ्रोट चालतो का, हा प्रश्न आम्हांला आठवड्यातून एकदा तरी येतो. चालतो. टोकन आधी ग्रेव्हयार्डमध्ये जाते आणि मगच नाहीसे होते, त्यामुळे ते रीतसर मेलेले असते. आणखी एक : नॅन्टुको हस्क बळीमागे दोन-दोनने वाढतो, पण फक्त त्या टर्नपुरता, फीडर आणि लंबरनॉट यांची वाढ टिकते. कार्डावर काउंटर हा शब्द आहे की टर्न संपेपर्यंतची अट आहे, हे घेण्यापूर्वी वाचावे. शंभर कार्डांच्या कमांडर या खेळप्रकारासाठी स्लाइमफूट, द स्टोअवे हा स्वस्त आणि साजेसा प्रमुख आहे. तो चार मानांत सॅप्रोलिंग देतो आणि सॅप्रोलिंग मेले की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एक डॅमेज देऊन तुमचा एक लाइफ वाढवतो. तिथे साध्या जमिनी सोडून प्रत्येक कार्डाची सहसा एकच प्रत चालते, म्हणून चाऱ्याची मोजणी आणखी काटेकोर करावी.

याच कारणासाठी आम्ही एक शिस्त पाळतो, जिच्याबद्दल काही ग्राहकांची नाराजी आहे. यादी आली की आम्ही ती लगेच बांधून देत नाही; कार्डे चारा, खाणारी, मोबदला आणि उरलेली अशा चार ढिगांत मांडतो, आणि चाऱ्याची कार्डे १६ पेक्षा कमी असतील तर तसे सांगतो. याला दहा मिनिटे लागतात. गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची गर्दी असते तेव्हा ही दहा मिनिटेही जड जातात, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु आमच्याकडे नसलेली कार्डे मुंबईहून मागवावी लागतात, त्यांना आठ-दहा दिवस लागतात, आणि यादी चुकली तर तेवढेच दिवस पुन्हा जातात. निर्णय शेवटी ग्राहकाचाच असतो. मोजणी करूनही कोणाला आपलीच यादी हवी असेल तर आम्ही तीच देतो.

बूस्टर पाकिटे फोडून हा डेक बांधू नये, असेही आम्ही सांगतो. एका प्ले बूस्टरमध्ये खेळण्याची १४ कार्डे असतात आणि ती कोणती निघतील हे आपल्या हाती नसते. यंग वुल्फच्या चार प्रती हव्या असतील तर त्या सुट्या घेणेच स्वस्त पडते. पाकिटे आम्हीही विकतो आणि ती फोडण्यातला आनंद वेगळा आहे, पण तो खर्च डेकच्या हिशेबात धरू नये.

सुटी कार्डे आम्ही आठ दिवसांच्या आत, स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पिशवीत) असतील तरच बदलून देतो. ही अट कडक वाटते, पण आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेले कार्ड दमटपणा पितेच. फॉइल कार्डाची अवस्था सर्वांत वाईट होते : कागद फुगतो, वरचा चकचकीत थर फुगत नाही, आणि कार्ड पन्हळी पत्र्यासारखे वाकते. वाकलेले कार्ड डेकमध्ये न पाहताही बोटाला कळते, म्हणून ते खेळण्यात गैर ठरू शकते. त्यामुळे बजेट डेकसाठी फॉइल प्रत मागितली तरी आम्ही साधी प्रतच पुढे करतो. डेकसोबत ६० स्लीव्ह आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या घेतल्यास दोन्हींची किंमत वेगळी लावत नाही. पुडी डब्यात ठेवावी आणि पावसाळ्यात महिन्याने बदलावी.

यादी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवता येते. पाठवताना चाऱ्याची कार्डे सर्वांत वर, प्रत्येकापुढे प्रतींची संख्या घालून लिहावीत. तशी आलेली यादी आम्ही त्याच दिवशी तपासून उत्तर देतो.