मूत्राशयाचा कर्करोग : गाठीतील रोगप्रतिकारक पेशी आणि केमोथेरपीचा प्रतिसाद

बीसीजीची लस मूत्राशयात सोडून कर्करोगावर उपचार केल्याची नोंद १९७६ची आहे. पण तो मार्ग वरवरच्या गाठींपुरता राहिला. रोग स्नायूत उतरल्यावर सारी भिस्त शस्त्रक्रियेवर आणि सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधावर असे. शस्त्रक्रियेआधी सिस्प्लॅटिनसह चार औषधे दिल्यास काढलेल्या मूत्राशयात रोगाचा मागमूस न उरलेल्या रुग्णांचे प्रमाण ३८ टक्के, तर केवळ शस्त्रक्रिया केलेल्यांत १५ टक्के असल्याचे २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मग ज्यांना केमोथेरपीचा त्रास होतो पण गुण येत नाही, असे रुग्ण आधीच कसे ओळखावेत, हा प्रश्न उरला.

गाठीत सीडी८ टी-पेशी (कर्कपेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) अधिक असलेले रुग्ण जास्त जगतात, असे २००७मध्ये दाखवले गेले होते. पुढे २०१६च्या एका लहान अभ्यासात उपचारापूर्वीच्या नमुन्यांतील सीडी८ पेशींचे नियामक टी-पेशींशी (प्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींशी) असलेले गुणोत्तर केमोथेरपीच्या प्रतिसादाशी जुळले. टी-पेशींना रोखणारे पीडी-एल१ हे प्रथिन मात्र जुळले नाही. हा निष्कर्ष तेव्हा झाकोळला गेला, कारण त्याच वर्षी अमेरिकेत पीडी-एल१ला अडवणाऱ्या इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराच्या) औषधाला, म्हणजे अ‍ॅटेझोलिझुमॅबला मान्यता मिळाली आणि सर्वांचे लक्ष पीडी-एल१कडे वळले.

त्या औषधासोबतच्या तपासणीत कर्कपेशी मोजल्या जात नव्हत्या. रंगवलेल्या काचपट्टीवर गाठीच्या क्षेत्रफळाचा किती भाग पीडी-एल१मुळे तपकिरी दिसणाऱ्या प्रतिकारक पेशींनी व्यापला आहे, याचा अंदाज पॅथॉलॉजिस्ट नजरेने घेत, आणि ५ टक्के किंवा अधिक भरल्यास नमुना वरच्या गटात जाई. केमोथेरपीशी तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत आयुर्मानाची कसोटी आधी याच गटात लावायची आणि तिथे यश आले तरच सर्व रुग्णांकडे वळायचे, असे ठरले होते. २०१७मध्ये या गटातील मध्यम आयुर्मान नव्या औषधाने ११.१ महिने, तर केमोथेरपीने १०.६ महिने निघाले. पहिल्याच पायरीवर चाचणी अडली आणि सर्व रुग्णांची तुलना औपचारिक कसोटीबाहेर राहिली. हा क्रम चुकीचा होता, असे आजही अनेकांचे म्हणणे आहे. पण सर्व रुग्ण धरले तर केमोथेरपीच्या बाजूचे आयुर्मान ८ महिने होते, वरच्या गटात ते त्याहून जास्त निघाले. अधिक महत्त्वाची गोष्ट हीच : ज्या पेशींना इम्युनोथेरपीची खूण मानले, त्या असणाऱ्यांचे केमोथेरपीवरही बरे चालले होते. २०२१मध्ये केमोथेरपीनंतरच्या वापरासाठीची मान्यता अमेरिकेत मागे घेतली गेली, त्याची चर्चा झाली. या आकड्याची तितकी झाली नाही.

अर्थात पेशी प्रतिसाद घडवतात की केवळ त्याच्या सोबत दिसतात, हे त्यावरून ठरत नाही. डीएनए दुरुस्तीशी संबंधित ईआरसीसी२ या जनुकात बिघाड असलेल्या गाठी सिस्प्लॅटिनला अधिक दाद देतात, हे २०१४मध्ये दिसले होते. दुरुस्ती कोलमडली की उत्परिवर्तने वाढतात आणि अशा गाठीकडे टी-पेशी ओढल्या जाण्याची शक्यताही वाढते. शिवाय उपचारापूर्वीचा नमुना मूत्रमार्गातून खरवडून काढलेल्या तुकड्यांचा असतो. स्नायूत खोलवर गेलेल्या भागातील पेशी त्यात येतीलच असे नाही.

आता चाचण्यांत फक्त केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांचे गटच आटत आहेत. पुढच्या टप्प्यातील रोगात अँटिबॉडीला जोडलेले औषध आणि इम्युनोथेरपी यांच्या जोडीने २०२३मध्ये केमोथेरपीला मागे टाकले, तर २०२४मध्ये शस्त्रक्रियेआधीच्या केमोथेरपीला इम्युनोथेरपीची जोड दिल्याने लाभ झाल्याचे निकाल आले. अशा रुग्णाच्या नमुन्यात सीडी८ पेशी दाट आढळल्या आणि गाठ विरघळली, तर श्रेय नेमके कोणत्या औषधाच्या खाती टाकायचे, हे केवळ त्या नमुन्यावरून ठरवता येत नाही.