क्षयरोग कोणाकडून कोणाला : जिवाणूच्या जनुकीय ओळखीची पार्श्वभूमी

पुण्यात एकाच घरातल्या दोघांना क्षयरोग झाला, की दुसऱ्याला तो पहिल्याकडूनच लागला असे सहसा गृहीत धरले जाते. दोघांच्या बेडक्यातील जिवाणूंचा डीएनए ताडून हे गृहीतक पारखण्याची सोय मात्र जेमतेम तीसेक वर्षांची आहे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू दाखवून दिला, तरी संसर्ग कोणी कोणाला दिला हे ठरवायला पुढे कितीतरी दशके रुग्णाची विचारपूस एवढेच साधन होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली आणि आजारी पडलेल्या प्राण्यांतील जिवाणू कोणत्या औषधांना दाद देतात हे रुग्णांच्या जिवाणूंशी जुळवून पाहिले. त्यातून क्षय हवेतून पसरतो हे सिद्ध झालेच, शिवाय काही प्राण्यांचा संसर्ग नेमक्या कोणत्या रुग्णाकडून आला हेही कळले. पण बहुतेकांचे जिवाणू सगळ्याच औषधांना सारखे बळी पडत असल्याने ही खूण सर्वत्र उपयोगी नव्हती.

खरा बदल झाला तो आयएस ६११० या डीएनएच्या तुकड्यामुळे. हा तुकडा जिवाणूच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये, जागा बदलतो, त्याच्या प्रती वाढतात, आणि म्हणून त्यांची संख्या व ठिकाणे पाहून एक वाण दुसऱ्यापासून वेगळा काढता येतो. १९९३ मध्ये या चाचणीची सर्वमान्य पद्धत ठरली आणि पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क येथील अभ्यासांनी, रुग्णांचे वाण एकमेकांशी जुळतात यावरून, तिथल्या सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक रुग्णांना संसर्ग अलीकडेच झाला असावा, असे दाखवले. अशा शहरांतील क्षय म्हणजे मुख्यतः जुन्या, सुप्त संसर्गाने पुन्हा डोके वर काढणे, हा तोवरचा समज त्यामुळे डळमळला.

भारतात मात्र हेच साधन लंगडे पडले. मद्रासमध्ये तपासलेल्या अनेक जिवाणूंत या तुकड्याची एकच प्रत सापडली, काहींत तर एकही नाही. साहजिकच परस्परांशी काडीचा संबंध नसलेले रुग्णही एकाच साखळीतले वाटू लागले. १९९७ मध्ये आलेल्या स्पोलिगोटायपिंगने, म्हणजे ४३ ठरावीक डीएनए खंड आहेत की नाहीत हे पाहणाऱ्या चाचणीने, घराणे ओळखणे सोपे केले, पण एका घराण्यातले सदस्य वेगळे काढायला ती अपुरी होती. पुढे डीएनएमधील पुनरावृत्ती २४ ठिकाणी मोजण्याची पद्धत रूढ झाली.

१९९८ मध्ये प्रयोगशाळेतील एका प्रमाण वाणाचा सुमारे ४४ लाख डीएनए-अक्षरांचा जीनोम प्रसिद्ध झाला होताच. क्रमवाचन, म्हणजे ही अक्षरे ओळीने वाचणे, स्वस्त झाल्यावर रुग्णांकडील जिवाणूंचेही संपूर्ण जीनोम वाचले जाऊ लागले. या जिवाणूत साधारण दोन वर्षांत एखाद्याच अक्षराचा बदल होतो. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये सुचवले, की दोन नमुन्यांत पाचपर्यंत फरक असतील तर अलीकडचा संसर्ग संभवतो आणि बारापेक्षा अधिक असतील तर तो बहुधा नसतो. क्षय तुलनेने कमी असलेल्या देशातली ही मोजपट्टी पुण्यात जशीच्या तशी लावणे मला धाडसाचे वाटते, कारण इथे दोन रुग्णांच्या मधला तिसरा अनेकदा खासगी दवाखान्यात उपचार घेऊन गेलेला असतो आणि त्याच्या बेडक्याचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवणे, झालेलेच नसते. शिवाय बदल इतके संथ, की दोन जीनोम तंतोतंत जुळले तरी संसर्ग कोणत्या दिशेने गेला हे त्यावरून सांगता येत नाही.

घराबाहेरच्या संसर्गाचा प्रश्न याहून मोठा आहे. केपटाउनच्या क्षयग्रस्त वस्त्यांत केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त १९ टक्के संसर्ग घरात झाल्याचा अंदाज निघाला. त्याआधी १९९९ मध्ये तिथेच, बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्यांपैकी बहुतेकांत नवा वाण आढळला होता. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या सहकार्यातून रुग्णांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आहे. अशा पाठपुराव्याला जीनोमची जोड मिळाली, तर घरातला दुसरा रुग्ण पहिल्याकडून आजारी पडला की कारखान्यात, वर्गात किंवा बसमध्ये भेटलेल्या कोणाकडून, हे निदान काही घरांपुरते तरी ठरवता येते. मात्र त्यासाठी दोघांचेही कल्चर उपचार सुरू होण्यापूर्वी केलेले आणि जपून ठेवलेले असावे लागते.